घरी राहिलेल्याचा वाटा : सत्तरीतल्या एका कुळागराचे प्रकरण

या घराचा आणि माझा संबंध जुना. कृषी खात्यात सहाय्यक म्हणून नोकरी करताना त्या भागातल्या बागायती माझ्याकडे होत्या. निवृत्त झाल्यावर या कुटुंबाने मला घरच्या बैठकीत तिऱ्हाईत म्हणून बसायला बोलावले. माणसांची आणि गावाची नावे देत नाही. नाती तेवढी ठेवली आहेत. सर्वांच्या संमतीने लिहितो आहे. धाकट्याची संमती थोडी कुरकुरत मिळाली, पण मिळाली.

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून कदंब बसने पाऊण तासावरचे गाव. वर डोंगराच्या कुशीतून येणारी झर, खाली म्हादईला जाऊन मिळणारा ओहोळ, आणि मधल्या उतारावर सुमारे सहा हजार चौरस मीटरचे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मिश्र बाग. साडेसहाशेच्या आसपास पोफळी, चाळीसेक माड, पोफळींवर चढवलेली मिरी, मधल्या जागेत केळी. कडेला जायफळाची चार झाडे, भिरंडीची (कोकमाची) दोन आणि एक म्हातारा फणस. घर वरच्या अंगाला, झरीजवळ. झरीच्या पाण्यावर तीन घरांचा हक्क. दिवाळी सरली की पाट दुरुस्त करायचे आणि मग पाऊस येईपर्यंत पाच दिवसांच्या फेऱ्याने पाणी फिरवायचे. त्या पाचांतले दोन दिवस या घराचे. ही पाळी कुठल्याही उताऱ्यावर लिहिलेली नाही, पण मोडायची हिंमत आजवर कोणी केलेली नाही.

घरात आई-बाबा आणि तीन मुले. थोरल्याने १९९५ साली बारावीनंतर शिक्षण सोडले. बाबांना पहिला हृदयविकाराचा झटका आला होता आणि बागेला माणूस हवा होता. ‘एखादे वर्ष’ म्हणून तो थांबला आणि थांबलाच. मधली बहीण लग्न होऊन डिचोलीकडे गेली. धाकटा इंजिनिअर होऊन पुण्याला स्थिरावला. त्याची फी आणि बहिणीचे लग्न हे दोन्ही खर्च सुपारीने उचलले. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

थोरला काय करायचा, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचे भांडण त्यावरच झाले. मे महिन्यात चर उपसायचे. पाऊस लागायच्या आत पोफळींच्या घडांवर बोर्डो मिश्रण मारायचे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पावसाची उघडीप साधून पुन्हा मारायचे. ती उघडीप हुकली तर कोळेरोग घड सडवतो आणि ऑगस्टमध्ये झाडाखाली कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. पावसानंतर पाट, बांध, पाला घालणे, माती लावणे. मग पाडप, म्हणजे झाडावरून घड उतरवणे. ओली सुपारी अंगणात दीड महिना वाळवायची, रोज पसरायची, उलटायची, अवकाळी ढग आला की धावत गोळा करायची. नंतर सोलायची, निवडायची, पोती भरायची. २०१७ मध्ये गुडघा गेला तोवर थोरला स्वतः पोफळीवर चढत असे, आणि या झाडावरून त्या झाडावर झोका घेऊन जात असे. नंतर पाडेली, म्हणजे झाडावर चढून घड पाडणारा माणूस, शोधणे हे एक वेगळेच काम होऊन बसले.

या सगळ्याचा त्याला पगार नव्हता. पैसे बाबांच्या पत्र्याच्या पेटीत. थोरल्याला खर्चाला लागतील तसे मिळत, मुलांच्या वह्यांना मिळत, दुचाकीला एकदा मिळाले. ‘तुझेच तर आहे सगळे,’ असे बाबा म्हणायचे. मी स्वतः दोन-तीनदा ऐकले आहे. ते मनापासून म्हणायचे, यात मला शंका नाही. कागदावर मात्र त्यांनी काहीच केले नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

जानेवारी २०२० मध्ये बाबा गेले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि त्यानंतर धाकटा बायकोमुलासह पाच महिने घरी येऊन राहिला. एवढा सलग तो कॉलेजनंतर प्रथमच घरी होता. त्याने पोती मोजली. चांगल्या वर्षी या बागेत दहा-अकरा क्विंटल वाळलेली सुपारी होते. त्याने बाजारभावाने गुणाकार केला, वर नारळ-मिरी धरली आणि जेवताना सहज विचारले, “दादा, एवढे पैसे येतात, मग जातात कुठे?”

त्याला हिशेब हवा होता, आरोप करायचा नव्हता. पण थोरला पानावरून उठला. त्या रात्रीपासून दोघा भावांत कामापुरते बोलणे राहिले.

२०२१ ने उरलेसुरले पाहून घेतले. मेच्या मध्याला तौक्ते वादळ आले, त्यात साठेक पोफळी मोडल्या. २३ जुलैला म्हादईच्या खोऱ्यात मोठा पूर आला. बागेचा खालचा तिसरा हिस्सा दोन दिवस पाण्याखाली होता, बांध वाहून गेला, चरांत गाळ बसला. नुकसानभरपाईचा अर्ज करायला थोरला गेला तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर बाबांचे नाव, कृषी कार्डही बाबांच्या नावावर. आता वारस कोण ते दाखवा, बाकीच्यांची संमती आणा, असे झाले. नियमाने ते चूक नव्हते. पण पंचवीस वर्षे ज्याने बाग राखली, त्याला त्याच बागेतल्या मोडलेल्या झाडांसाठी पुण्याच्या भावाची आणि डिचोलीच्या बहिणीची सही मागत फिरावे लागले, हे त्याच्या जिव्हारी लागले.

याच सुमारास एक एजंट घरी आला. दिल्लीच्या कोणाला तरी ओहोळाकाठची जागा हवी होती. एजंटाने सांगितलेला आकडा सुपारीच्या उत्पन्नाशी तोलण्यासारखाच नव्हता.

कायदा काय सांगत होता

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी हे सांगायला हवे, कारण इथला हिशेब वेगळा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची तत्त्वे इथे अजून चालतात. २०१६ पासून तीच नव्या वारसा कायद्याने लागू आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. एक गेला की अर्धी मालमत्ता जिवंत जोडीदाराची, ती वारसात येतच नाही. उरलेली अर्धी मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही.

म्हणजे या घरात आईचा अर्धा आणि तिघा मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश. शिवाय मुलांना मिळालेला वाटा त्यांच्या जोडीदारांशी सामाईक, त्यामुळे विक्रीच्या कागदावर आई, तीन मुले आणि तिघांचे जोडीदार अशा सात सह्या लागणार होत्या.

मी पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा सगळे ‘तीन वाटे’ असेच बोलत होते. थोरला, बहीण, धाकटा. मीही तसेच बोलत होतो. आई आत भाकऱ्या थापत होती.

विचारात घेतलेले पर्याय

विक्री. याला पाठिंबा धाकट्याचा असेल असे मला वाटले होते. पहिला होकार थोरल्याने दिला. गुडघा, पूर, सह्यांसाठीची वणवण, आणि त्या जेवणातला प्रश्न. “विकून टाका. माझा मी वेर्ण्याला कुठे वॉचमन म्हणून राहीन,” असे तो म्हणाला. धाकटा उलट गप्प झाला. बागेचे पैसे कुठे जातात हे विचारणे निराळे आणि बागच नाहीशी होणे निराळे, हे त्याला त्या क्षणी कळले असावे.

जागेवर वाटणी. उतारावरून खाली तीन पट्टे पाडायचे. कागदावर हे सर्वांत न्यायाचे दिसते, आणि बागेत उतरले की पाच मिनिटांत निकालात निघते. आडवे पट्टे पाडले तर वरच्याला पाणी आणि खालच्याला पूर. उभे पाडले तर पाट तिघांच्या हद्दीतून जाणार आणि दोन दिवसांची पाळी तीन घरांत फाटणार. एका पट्ट्याच्या वाट्याला सोळा तास पाणी. चैत्रात झर बारीक होते तेव्हा सोळा तासांत शेवटची रांग भिजत नाही. जमीन वाटता येते, पाळी वाटता येत नाही. माझ्या नोकरीच्या काळात अशी वाटलेली तीन कुळागरे मी पाहिली आहेत. तिन्हींत खालचा पट्टा आधी सुकला, मग विकला गेला.

न्यायालयात इन्व्हेंटरी. वारसांपैकी कोणीही ती मागू शकतो. तिथे मालमत्तेची यादी होते, किंमत ठरते, आणि एकत्र ठेवायच्या मालमत्तेसाठी वारसच आपापसात बोली लावतात. ज्याची बोली वरची, तो घेतो आणि इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. कायदेशीर आणि स्वच्छ मार्ग. पण बोलीत पैसा बोलतो. पुण्याचा पगारदार आणि पत्र्याच्या पेटीवर जगलेला भाऊ यांच्यातली बोली कशी संपली असती, ते सांगायला नको.

बहिणीने हक्क सोडणे. हे कोणी मोठ्याने सुचवले नाही, पण अपेक्षा हवेत होती. ती बहिणीनेच बोलून दाखवली : “मी दादासाठी सोडते.” मग नोटरीकडे चौकशी केली तेव्हा निराळीच अडचण पुढे आली. वारसाहक्क नुसता सोडला तर तो उरलेल्या सर्व वारसांकडे जातो. एकट्या थोरल्यालाच द्यायचा तर ती देणगी होते, तिचा कागद वेगळा, तिचे परिणाम वेगळे. तिने सोडला असता तर अर्धा फायदा धाकट्याचा झाला असता. तेव्हा ती म्हणाली, “मग राहू दे माझ्याकडेच.” हा मला या प्रकरणातला एक शहाणा निर्णय वाटतो. तिचा वाटा पुढे दोन भावांच्या मधला खांब झाला.

पर्यटनाचाही विषय निघाला. फोंडा तालुक्यात काही कुळागरे पाहुण्यांना दाखवून चांगली चालतात. पण तिथे रस्ता आहे, बस लावायला जागा आहे, आणि दुपारी पन्नास पाने वाढणारे मनुष्यबळ आहे. इथे घराकडे येणारी वाट पावसात ओहोळाखाली जाते. विषय चहाबरोबर संपला.

शेवटचा पर्याय एकत्रच ठेवण्याचा होता, पण लिहून.

काय केले, आणि माझे काय चुकले

दुसऱ्या बैठकीला मी तयारीने गेलो. थोरल्यावर अन्याय झाला आहे हे मला दिसत होते आणि आकड्यांनी ते दाखवता येईल असे वाटले. १९९५ पासून २०१९ पर्यंत चोवीस वर्षांची मजुरी, त्या त्या काळच्या अकुशल रोजाने, वर्षाचे अमुक दिवस धरून मी मांडली. बेरीज मोठी झाली. ती मी सगळ्यांसमोर वाचली.

धाकटा लाल झाला. “म्हणजे आम्ही दादाला लुटले असे तुमचे म्हणणे का?” हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते थोरल्याचे उत्तर. तो मला म्हणाला, “भाऊ, मी माझ्या बापाच्या घरात रोजंदारीवर होतो काय?”

मी कागद घडी करून खिशात घातला. ज्याची बाजू मांडायला गेलो होतो त्यालाच मी मजूर करून ठेवले होते. त्या दिवशी बैठक मोडली, आणि पुढचे दोन महिने कोणी मला बोलावले नाही. तेच योग्य होते.

त्या दोन महिन्यांत एजंट मसुदा घेऊन आला. धाकट्याने फोनवर ‘बघू’ म्हटले, थोरला सही करायला बसला. तेव्हा वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला एजंट म्हणाला, “इथे तुमची पण सही लागेल.” ती म्हणाली, “माझी सही लागते ना? मग मला विचारा तरी.” आणि तिने नाही म्हटले. कारण विचारल्यावर आत जाऊन वह्या घेऊन आली.

या वह्यांबद्दल त्या घरात कोणालाच नीट माहिती नव्हती. २००१ मध्ये लग्न होऊन आल्यापासून ती लिहीत होती. आधी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, मग मुलांच्या शाळेच्या वह्यांतल्या उरलेल्या पानांवर. किती पोती गेली, काय भाव आला, पाडेलीला किती दिले, मोरचूद किती, सोलायला किती बाया, कोणत्या दिवशी पाट फुटला. नणंदेच्या लग्नाचा खर्चही त्यात, दागिन्यांसकट. घरातले भांडण कोकणीत होते, हिशेब मात्र मराठीत लिहिला जातो. तिचाही मराठीतच, बारीक अक्षरात. मी पंचवीस वर्षे सरकारी नोंदी ठेवल्या आहेत. एवढ्या प्रामाणिक नोंदी मी ठेवल्या नाहीत.

वहिनीने धाकट्याला त्या वह्यांचे फोटो पाठवले, सोबत एक ओळही न लिहिता. त्याने ते सगळे संगणकावर भरले. त्याला महिनाभर लागला. चांगल्या वर्षीही उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग खर्चात जातो, हे त्याचे त्याने काढले. कोळेरोगाच्या वर्षी सहा क्विंटलही हाती येत नाही, तेव्हा घर कसे चालले असेल, हेही. मग त्याने थोरल्याला फोन केला. काय बोलले ते मला माहीत नाही, पण तिसऱ्या बैठकीचे बोलावणे धाकट्याकडून आले.

त्या बैठकीआधी सगळे नोटरीकडे वारसांचा दस्त करायला गेले होते. तिथे वाट्यांची विभागणी वाचून दाखवली गेली आणि ‘अर्धा हिस्सा आईचा’ हे वाक्य आईने प्रथमच ऐकले. नोटरीला तिने पुन्हा वाचायला लावले. घरी आल्यावर ती ओसरीवर, सगळ्यांच्या मध्ये बसली. “माझ्या अर्ध्याला मी असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. आणि उरलेल्या अर्ध्याची बाग होत नाही. बघा काय ते.” दोन वर्षांचा घोळ तिने दोन वाक्यांत संपवला.

मग लिहायला बसलो. मुख्य गोष्टी अशा ठरल्या. आईच्या हयातीत वाटणी नाही, विक्री नाही. बाग थोरला आणि वहिनी पाहतील. दोघांचीही नावे कागदावर, नुसते थोरल्याचे नाही. येणारा पैसा बँकेतल्या वेगळ्या खात्यात. त्यातून आधी बागेचा खर्च, मग दोघांना दरमहा ठरलेली रक्कम, आणि उरेल त्याचे कायद्याच्या प्रमाणात वाटे. एका मर्यादेपर्यंतचा खर्च विचारल्याशिवाय, त्यावरचा फोन करून. मागच्या चोवीस वर्षांचा हिशेब काढायचा नाही. धाकट्याने तो विषय स्वतः काढला होता, थोरल्यानेच बंद केला.

सर्वांत जास्त वेळ कशावर गेला असेल तर त्या दरमहाच्या रकमेला काय म्हणायचे यावर. ‘पगार’ थोरल्याला नको. ‘मेहनताना’ सुद्धा नको. ‘घरखर्च’ म्हटले तर पुन्हा जुन्याच पेटीवर आलो असतो. तासभर गेल्यावर वहिनी म्हणाली, “राखण म्हणा.” गोव्यात गावाच्या सीमेवर राखणदार देव असतो, त्याला वर्षातून एकदा नारळ देतात आणि त्याच्या मानात कमीपणा येत नाही. थोरला हसला. ‘राखणेची रक्कम’ असे कागदावर लिहिले. तो बऱ्याच महिन्यांनी हसला होता, असे आई नंतर म्हणाली.

काय झाले

व्यवस्था जून २०२२ पासून चालू आहे. पहिले वर्ष बरे गेले. कृषी कार्ड थोरल्याच्या नावे झाले, बाकीच्यांच्या संमतीपत्रांसह. मोडलेल्या पोफळींच्या जागी साठ रोपे लावली. बांध पुन्हा घातला. धाकटा मेमध्ये आठ दिवस येऊ लागला, चर उपसायला. उपसणे त्याला जमत नाही, पण येतो.

२०२३ ला पाऊस लांबला; केरळातच तो ८ जूनला पोचला. झर बोटाएवढी झाली आणि शेजारच्या घराने रात्रीतून पाट फिरवला. पूर्वी बाबा अशा वेळी नुसते जाऊन उभे राहत. थोरल्याने कुऱ्हाड घेतली नाही हे नशीब. शेवटी तिन्ही घरांनी मिळून झरीच्या खाली तळी बांधून घेतली आणि तासांचा हिशेब ठरवला. वाटणी झाली असती तर हे बोलणे तीन घरांत न होता पाच घरांत करावे लागले असते.

२०२४ च्या जुलैत पावसाने उसंत दिली नाही. दुसरी फवारणी लांबली आणि कोळेरोगाने घड गळले. खर्च आणि राखण वजा जाता उरले शून्य. धाकट्याने विचारले, तोटा सगळ्यांचा आहे, मग राखण पूर्ण कशी? प्रश्न गैर नव्हता. बहिणीने उत्तर दिले की पाऊस पडला म्हणून दादाने काम निम्मे केले नाही. वहिनीने मात्र त्या वर्षाची अर्धीच रक्कम घेतली आणि उरलेली वहीत ‘येणे’ म्हणून लिहिली. मला हे पटले नाही, मी तसे सांगितलेही. न दिलेल्या पैशांचीच तर ही सारी गोष्ट आहे. ती म्हणाली, “या वेळी लिहिले तरी आहे.”

वेगळे काय करता आले असते

बाबांनी मृत्युपत्र करायला हवे होते, हे कोणीही सांगेल. पण त्याचा नेमका उपयोग किती झाला असता ते पाहण्यासारखे आहे. इथे माणूस आपल्या हिश्श्याच्या निम्म्यापुरतेच मनाप्रमाणे देऊ शकतो, बाकी मुलांचे राखीव. बाबांचा हिस्सा अर्ध्या बागेचा. त्याचे निम्मे म्हणजे एकूण बागेचा चौथा हिस्सा. तो थोरल्याला दिला असता तर उरलेल्या चतुर्थांशातला तिसरा भाग धरून त्याच्याकडे एकूण एक तृतीयांश आले असते, षष्ठांशाच्या दुप्पट. ‘तुझेच तर आहे सगळे’ म्हणण्यापेक्षा ते कितीतरी कमी आणि कितीतरी खरे झाले असते. शिवाय त्यासाठी वडिलांना हयातीत धाकट्याला समोर बसवून सांगावे लागले असते. खरी अडचण तीच होती, असे मला वाटते.

मी आधी आईला आणि वहिनीला विचारायला हवे होते. सर्वांत मोठा हिस्सा जिचा आणि सर्व नोंदी जिच्याकडे, त्या दोघींना सोडून मी भावांची बैठक घेत बसलो. मजुरीचा तक्ता करण्यात माझी तीन रात्री गेली. त्याऐवजी स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास बसलो असतो तर वह्या तेव्हाच पुढे आल्या असत्या.

टाळेबंदीत धाकट्याने प्रश्न विचारला तेव्हाच कोणी तरी ‘बस, दाखवतो’ म्हणायला हवे होते. दाखवायला वह्या घरात होत्या. थोरल्याला त्या आहेत हे माहीत होते का? मी विचारले. ‘लिहिते काहीतरी, एवढे माहीत होते,’ असे तो म्हणाला.

करारातला मोठा दोष असा की तो आईच्या हयातीपुरता आहे. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या पश्चात तिघे समान हिश्शांचे मालक होतील आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिने आपल्या निम्म्याचे मृत्युपत्र करावे असे मी सुचवले आहे. ती ‘बघू’ म्हणते. थोरल्याचा मुलगा आयटीआय करून वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागला आहे आणि शनिवारी येतो. त्याने बागेत यावे की नाही, यावर घरात कोणी काही म्हणत नाही. १९९५ चे ‘एखादे वर्ष’ अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

एक मुद्दा साधा दिसतो पण सुटलेला नाही. २०२२ मध्ये लावलेली साठ रोपे. पोफळीला पीक धरायला पाच-सात वर्षे लागतात. आज त्यांना पाणी थोरला घालतो, सावलीला केळी त्याने लावली, खर्च सामाईक खात्यातून गेला. पीक येईल तेव्हा आजचा करार असेल की नसेल, सांगता येत नाही. रोपांवरची मेहनत राखणेत धरायची की वेगळी मांडायची, यावर मेच्या बैठकीत बोलायचे ठरले आहे, पहिल्या फवारणीच्या आधी. वहिनीने रोपांसाठी नवीन वही घातली आहे. पहिल्या पानावर लावल्याची तारीख आणि संख्या आहे. त्यातली चार गव्यांनी मोडली, तेही तिने खाली लिहून ठेवले आहे.